दोन शकुंतला पाटील

"आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मावशींनी पुकारा केला, शकुंतला शिवाजी पाटील, सातवा महिना. तर बाकावरून उठल्या कोण? बासष्ट वर्षांच्या आजी. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. म्हणाल्या, अगं बाई, या वयात आता मालकांना काय तोंड दाखवू?"

इथपर्यंत आलं की लोक हसायचेच. त्या बुधवारीही हसले. आमच्या कौस्तुभला तर भडंगाचा ठसका लागला आणि त्याच्या पाठीवर थापटायला दोघंजण उठले. न हसलेला माणूस एकच होता. तो त्या दिवशीच नोकरीवर रुजू झाला होता आणि मांडीवर वही ठेवून मी सांगितलेलं उतरवून घेत होता.

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागेत, टायरच्या दुकानाच्या वर होतं. आम्ही नऊ जण हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायचो: पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं, बिलं. मालकीण मंदाताई बिवलकर. त्यांनी पूर्वी एकदा सगळ्या सूचना लिहून, छापून, दोनशे पानांचं बाड बांधून घेतलं होतं. ते कोणी वाचलं नाही. एकाने ते मॉनिटर उंच करायला खाली घातलं, तेव्हा ताईंनी तो नाद सोडला आणि बुधवार सुरू केला. दर बुधवारी चारला चहा, भडंग आणि कोणातरी एकाने स्वतःची चूक गोष्टीसारखी सांगायची. माणूस सूचना विसरतो, फजिती विसरत नाही, असं ताईंचं म्हणणं होतं. नियम दोनच. चूक स्वतःची हवी, आणि बुधवारी सांगितलेलं त्या खोलीबाहेर जाणार नाही. त्यावरून कोणी रागावणार नाही, पगारवाढ कापणार नाही.

मला गोष्ट सांगता येते. आमच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर मी भाजी आणायला गेले तरी परत येऊन अर्धा तास प्रवचन देते. त्यामुळे नवं माणूस आलं की ताई म्हणायच्या, "मृणाल, तुझी ती दोन शकुंतलांची होऊन जाऊ दे." तीन वर्षांत मी ती पंधरावीस वेळा तरी सांगितली असेल.

गोष्ट खरी होती. हॉस्पिटलात पेशंट पहिल्यांदा आला की कॉम्प्युटरवर त्याचं कार्ड निघतं. तोच पेशंट वर्षाने पुन्हा येतो, आधी आलो होतो हे सांगत नाही, आणि दुसरं कार्ड निघतं. मग खिडकीवरचा क्लार्क ती दोन कार्डं जोडून एक करतो. जोडायची ती सोय मी केली होती. सांगली जिल्ह्यात पाटलांना काय तोटा? एकाच गावच्या दोन शकुंतला पाटील, दोघींच्या नवऱ्यांचं नाव शिवाजी, एक बासष्टची आणि एक सव्वीसची. क्लार्कने वय न बघता कार्डं जोडली आणि आजींना सातवा महिना लागला. शेवट मी जरा गंभीर करायचे. आजींच्या कार्डावर सुनेच्या वयाच्या बाईचा रक्तगट येऊन बसला होता, आणि तो एका सिस्टरच्या लक्षात आला म्हणून बरं. "तेव्हापासून," मी हात झटकून म्हणायचे, "दोन कार्डांवरचे रक्तगट वेगळे असले, तर आपलं सॉफ्टवेअर ती जोडतच नाही."

त्या दिवशी टाळ्या वगैरे झाल्यावर नव्या माणसाने वहीतून डोकं वर काढलं.

"म्हंजे आता तसं व्हायचंच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"शक्यच नाही," मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं.

हे बाबासो मगदूम. मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी सतरा वर्षं रक्त तपासलं होतं. लॅब बंद पडली, तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी क्लास लावून ते टेस्टिंग शिकले. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर हॉस्पिटलला जाण्याआधी सगळीकडून वापरून, मोडून बघायचं, हे त्यांचं काम. आम्ही प्रोग्रॅमर लोक टेस्टरला जरा खालचा समजायचो, आणि त्यातून हे वयाने मोठे, इंग्रजी कच्चं, म्हणून तर जास्तच. पण माणूस चिवट होता. एकदा वाढदिवसाच्या तारखेत एकोणतीस फेब्रुवारी घालून त्यांनी कौस्तुभचा आठवडा खाल्ला होता. स्वतःची चूक मात्र त्यांनी वर्षभरात एकाही बुधवारी सांगितली नाही. पाळी आली की म्हणायचे, मला गोष्ट जमत न्हाई, ताई, मी ऐकतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नवं हॉस्पिटल निघालं आणि आमचं सॉफ्टवेअर तिथे लागलं. ते आमचं अकरावं. दोन महिने सुरळीत गेले. मग एका मंगळवारी सकाळी ताईंना फोन आला. आदल्या दिवशी एका बाईचं बाळंतपण झालं होतं. बाळ चांगलं होतं, बाईला मात्र रक्तस्राव थांबेना. नमुना जुळवून बघायला वेळ नव्हता म्हणून डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचा गट बघून पिशवी लावली. बाईचा गट ओ होता आणि कॉम्प्युटर बी म्हणत होता. पाव पिशवी गेल्यावर तिला थंडी वाजायला लागली, पाठ धरून ती ओरडायला लागली, तेव्हा ती काढली. बाई वाचली, पण तिच्या किडन्या बंद पडल्या होत्या आणि तिला डायलिसिससाठी मिरजेला हलवलं होतं. त्या नावाच्या दोन बायका होत्या. खिडकीवर दोघींची कार्डं जोडली गेली होती.

ताईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मगदूमनी तपासलं नाही वाटतं. मला मनापासून तसं वाटलं. जोडायला अडवणारी सोय मी केलेली आहे, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. ती त्या हॉस्पिटलात का चालली नाही एवढंच बघायचं, म्हणून मी बुधवारी सकाळी कामाला बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक हॉस्पिटलची सॉफ्टवेअरची प्रत वेगळी होती. खरं तर सगळ्यांना मिळून एकच असायला हवी, पण छोट्या कंपनीला गिऱ्हाइकाचे लाड पुरवावे लागतात. एका डॉक्टरांना प्रत्येक बिलावर त्यांच्या वडिलांचा फोटो हवा होता, दुसऱ्यांना औषधांची नावं हिरव्या रंगात. म्हणून मूळ प्रतीवरून दर ठिकाणची वेगळी काढायची आणि तिथल्या तिथे बदल करायचे. शकुंतलाबाईंच्या हॉस्पिटलच्या प्रतीत माझी अडवायची सोय होती. शेजारीच, माझ्याच हातची एक ओळ होती. प्रोग्रॅममध्ये आपल्यासाठी टीप लिहून ठेवतात, तशी.

बाकीच्यांत उद्या टाकणे. मृ.

तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. मी मूळ प्रत उघडली. नव्हती. एकेक करत सगळ्या उघडल्या. एका शकुंतलाबाईंची सोडली तर दहाच्या दहा ठिकाणी सोय नव्हती.

मी तो उद्या का चुकवला, ते मला आजही आठवत नाही. पाहुणे आले असतील, किंवा ताप. पण त्या आठवड्याच्या बुधवारी मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली हे आठवतं. "तेव्हापासून आपलं सॉफ्टवेअर जोडतच नाही" हे वाक्य म्हणताना मला माहीत होतं की ते एकाच ठिकाणी खरं आहे. बाकीचं उद्या होणारच होतं, आणि "एका हॉस्पिटलात झालंय, बाकीची राहिलीत" असं म्हटलं असतं तर गोष्टीचा शेवट पडला असता. म्हणून मी ते गाळलं. पुढे दर वेळी तसंच सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला. लोक म्हणतात खोटं बोलणाऱ्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं. माझं उलट झालं, मी सुखाने विसरले.

बारा वाजले होते. डबा उघडला आणि बंद केला. ताईंना जाऊन सांगायला मधली एक काचेची भिंत ओलांडायची होती, आणि त्या आत फोनवर त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलत असलेल्या मला दिसत होत्या. मी मनाशी म्हटलं, चारला सगळे जमतील तेव्हा सांगू. तोपर्यंत मी त्या नव्या हॉस्पिटलच्या प्रतीत सोय घालून पाठवून दिली. उरली नऊ.

चारला चहा आला. भडंग ताईंनी नको म्हणून सांगितलं होतं. त्या दारातच म्हणाल्या की आज गोष्टबिष्ट नाही, हॉस्पिटलने शुक्रवारपर्यंत लेखी मागितलंय की चूक नेमकी कोणाची. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. अकरा हॉस्पिटलांवर नऊ घरं चालत होती आणि त्यांचे डॉक्टर एकमेकांना ओळखणारे होते, एक हॉस्पिटल गेलं तर सगळी जातील, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं.

"मगदूम, कार्डं जोडायचं तुम्ही तपासलं होतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, ताई."

"का?"

मगदूम तळहात बघत बसले. खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. ती गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, ताईंनी सर्वांत जास्त वेळा. कौस्तुभने माझ्याकडे बघितलं आणि पटकन कपाकडे बघितलं.

"तपासायची गरज न्हाई असं वाटलं," मगदूम म्हणाले.

"कशावरून वाटलं?"

ते बोलले नाहीत. बुधवारी ऐकलेलं कोणाच्या अंगावर टाकायचं नाही, हा नियम त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलेला होता आणि ते तो पाळत होते. ताई माझ्याकडे वळल्या.

"मृणाल, अडवायची सोय आहे ना आपल्यात?"

"आहे," मी म्हटलं. "या प्रतीत ती चालू नव्हती. आज केली."

"आणि बाकीकडे चालू आहे ना?"

आता दहा वर्षांहून जास्त झाली. त्या क्षणाला मी किती वेळ घेतला हे मला सांगता येणार नाही, पण फार नाही. सांगायचं ठरवूनच मी त्या खोलीत आले होते. पण मंदाताईंच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते की हिने हो म्हटलं की आपण सुटलो. मी कायम त्यांना हवा तो शेवट दिलेला होता.

"आहे," मी म्हटलं.

ताईंनी सुस्कारा सोडला. मग मगदूमनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"ताई, आज बुधवार हाय. मी सांगू का माझी?"

ताई नको म्हणायच्या आत ते उभे राहिले होते. गोष्ट त्यांना खरंच जमत नव्हती. मधेच थांबत होते, पुन्हा मागे जात होते. लॅबमध्ये लागले तेव्हा वरिष्ठांनी त्यांना एकच शिकवलं होतं, की बाटलीवरचं नाव दुसऱ्याने वाचून दाखवलं तरी आपण पुन्हा वाचायचं. सख्ख्या भावाने वाचलं तरी. सतरा वर्षं त्यांनी ते पाळलं. इथे आल्यावर पाळलं नाही.

"मी सगळं तपासलं, त्येवढं सोडलं," ते म्हणाले. "कारण मला कुणीतरी सांगितलेलं की ते व्हायचंच न्हाई. सांगितलेलं चांगलं होतं. आवडलं मला. घरात पोरींना पण सांगितलं मी, त्याबी हसल्या. आवडलं म्हणून खरं वाटलं. त्या माणसाची चूक न्हाई ती. वाचायचं काम माझं होतं." मग म्हणाले, "झालं. एवढंच."

ते खाली बसले.

मला वाटलं होतं ताई काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या चष्मा पुसत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, की मृणाल, पत्राचा मसुदा तू कर, तुझं लिहिणं चांगलं आहे. सोय होती, या प्रतीत चालू नव्हती, टेस्टिंगमध्ये सापडायला हवं होतं, आमच्या टेस्टरने चूक मान्य केली आहे आणि त्याला कामावरून कमी करत आहोत, असं घाल.

"ताई," कौस्तुभ हळूच म्हणाला, "बुधवारचं बाहेर जात नाही ना?"

"आजचा बुधवार धरायचा नाही," ताई म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या वाईट नव्हत्या. नऊ घरांतलं एक देऊन आठ वाचवत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की त्यांना सगळं माहीत आहे.

पत्र मी गुरुवारी लिहिलं. दोन पानी झालं. दिलगिरी कुठे व्यक्त करायची आणि कुठे नुसता खेद, हे मला चांगलं कळतं. "मानवी चूक" हा शब्द मी एकदाच वापरला आणि बरोबर जागी वापरला. ताईंनी वाचून मान डोलावली. मगदूमची सही हवी होती म्हणून कागद त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तेव्हा ते खणातलं सामान पिशवीत भरत होते: डबा, चष्म्याचं घर, लॅबमधल्या लोकांनी निरोपाला दिलेलं पेन. त्यांनी पत्र सावकाश वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"चांगलं लिवलंय, मॅडम," ते म्हणाले. "पेशंटचं नाव न्हाई यात."

"अशा पत्रात घालत नाहीत."

"सारिका कोळेकर. सव्वीस वय." त्यांनी सही केली. "काल इथनं गेल्यावर बघून आलो मी. तिसरा मजला, चौदा नंबर. चार ते सहा सोडत्यात."

मला राग आला. ते मला मुद्दाम सांगतायत, त्यांना कळलंय, असं वाटलं. नंतर विचार करता वाटतं, त्यांना काही कळलेलं नव्हतं. एक पेशंट आहे, तिला नाव आहे, ती अमुक ठिकाणी आहे, एवढंच ते सांगत होते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. त्यांच्या रिकाम्या टेबलावर कोणीतरी झेरॉक्सचे गठ्ठे ठेवले. मी रोज नऊ ठिकाणांचा हिशेब करत होते. सोय घालायची तर दर ठिकाणी पाठवून बसवून घ्यावी लागणार, ताईंची परवानगी लागणार, कशासाठी म्हणून त्या विचारणार. महिनाअखेरीला दुसऱ्या किरकोळ बदलांबरोबर हळूच घालून टाकू, असं मी ठरवलं. महिना संपायला तेरा दिवस होते. तेरा दिवसांत काय होतंय, तीन वर्षांत एकदाच तर झालं. असं मी जेवताना म्हणायचे, आणि घास फिरत राहायचा. नवऱ्याने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, पित्त झालंय.

सोमवारी साडेचारला मी ऑफिसातून उठले आणि मिरजेची बस धरली. माफी मागायला जातेय असं काही मनात नव्हतं. तिला बरं वाटतंय असं कोणीतरी सांगावं, एवढ्याचसाठी मी चालले होते.

चौदा नंबरवर एक सावळी, सुजलेल्या चेहऱ्याची मुलगी उशीला टेकून बसली होती. गळ्याशी पट्टीत नळी होती. शेजारी तिचा नवरा स्टुलावर बसून मोसंबं सोलत होता. बाळ गावी आजीकडे होतं. मी कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या कंपनीतून आलेय म्हटलं, तर नवऱ्याने उठून स्टूल दिलं आणि तो पाणी आणायला गेला.

"दूध येतंय, पण पाजायचं न्हाई म्हणत्यात," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मला नक्की झालं काय, तुम्हाला माहीत हाय का? डॉक्टर इंग्लिश बोलत्यात. आमचे मालक म्हणत्यात नशीब. नीट कोण सांगंना."

तिच्याइतक्या लक्ष देऊन ऐकायला बसलेल्या माणसापुढे मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. कार्डं, दोन नावं, जोडणं, माझी सोय, एका ठिकाणी घातली आणि उद्या म्हणून ठेवली ते. गंमत कुठेच आली नाही. मधे मी तिला समजतंय का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, समजतंय, सांगा. बुधवारी मला विचारलं आणि मी आहे म्हणाले, तेही सांगितलं. मधेच मला रडू आलं आणि स्वतःची लाज वाटली, की सुजून पडलेल्या माणसासमोर रडायला मला काय झालं.

"मागल्या बुधवारी एक जण आलते," ती म्हणाली. "मगदूम म्हणून. ते पण माझ्यानं झालं म्हणाले, कसं ते सांगितलं न्हाई. माझ्या पाया पडायला लागले. वडलांच्या वयाचा माणूस." तिने माझ्याकडे बघितलं. "मग नेमकं कुणामुळं?"

"माझ्यामुळे."

"मग मला काय सांगताय? त्यांना सांगा जावा. जिन्यात रडत बसलते, आमच्या मालकांनी बघितलं." असं म्हणून तिने तोंड फिरवलं. तिला माझा राग आला होता आणि तिने तो लपवला नाही.

मगदूमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. एका मेडिकलवाल्याने दाखवलं. ते बनियनवर बाहेरच्या खोलीत बसून धाकटीची गणितं तपासत होते. मला बघून उठले, शर्ट घातला, आत पाणी आणायला सांगितलं. मी पाण्याची वाट बघितली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, आणि माफ करा म्हणाले. मुलगी वही घेऊन आत गेली.

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझं बोलणं मनात पुन्हा वाचत असल्यासारखे उभे होते.

"बाकीच्या ठिकाणी घातलं का आता?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"किती?"

"नऊ."

"बुधवारपासनं? सहा दिवस?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आणि तुम्ही माफी मागत फिरायलाय व्हय?"

त्यांनी कोनाड्यातून वही ओढली. दर हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीचा नंबर त्यांच्याकडे होता, त्यांचं रोजचं कामच ते होतं. सोय घालायची तेव्हा घाला, म्हणाले, आधी जोडायचं थांबवायला सांगा, आत्ता सगळीकडे संध्याकाळची ओपीडी चालू असेल. मी म्हटलं, ताईंना आधी विचारते. "ताईंना दहावा फोन करा," ते म्हणाले, पहिला नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी नाव सांगितलं. दोन कार्डं जोडू नका म्हटलं. पलीकडच्याने का म्हणून विचारलं, आणि मी म्हटलं की अडवायची सोय आहे असं मी सांगत होते, ती नाही, चूक माझी आहे. दुसरीकडे तेच सांगितलं. तिसरीकडचा म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चौथ्या फोनपर्यंत माझ्या वाक्यांतलं सगळं नको ते गळून गेलं होतं. कोण, काय, कशामुळे, एवढंच उरलं होतं. मगदूम समोर बसून एकेका नावावर खूण करत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

सहाव्या ठिकाणी खिडकीवर एक मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, पण मी सकाळीच तीन जोडलीत की."

मी फोनवर हात ठेवला. मगदूमना सांगितलं. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं.

"नावं विचारा," ते म्हणाले.